मुक्कामाचा रकाना

१२ फेब्रुवारी २०२५
छत्रपती संभाजीनगर

प्रति,
वहिदा मॅडम, दार-ए-सलाम

विषय : मामा रहेमा यांचा संपर्क क्रमांक मिळणेबाबत

स. न. वि. वि.

सहा वर्षांनी लिहितोय आणि वर 'विषय' टाकलाय म्हणून तुम्ही हसाल. हसा. बत्तीस वर्षं कॉलेजात काढलेला माणूस बायकोलाही पत्र लिहिताना आधी जावक क्रमांक शोधतो, असं तुम्हीच स्टाफरूममध्ये म्हणायच्या. फोन लावून पाहिला. माझा नंबर तुम्ही अडवून ठेवलेला दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही. ई-मेल तरी जुनाच असेल या आशेवर आहे.

काम छोटं आहे. टांझानियात पहिल्यांदा गेलात तेव्हा समुद्राएवढ्या तळ्याकाठच्या किसेंगा गावात ज्या मामा रहेमांकडे ('तिकडं मामा म्हणजे आई, सर' असं तुम्हीच सांगितलं होतं) तुम्ही उतरला होतात, त्यांचा नंबर हवा आहे. आपल्या फायलीतला लागत नाही.

कारण असं. आपला परदेश-सेवेचा उपक्रम अजून चालू आहे. 'आपला' हे सवयीनं लिहिलं गेलं. यंदा बी.बी.ए.ची चाळीस मुलं चार देशांत आहेत. त्यातली श्रेया पठाडे किसेंग्यात, मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या संस्थेत काम करते. आपल्याकडच्या सुकटीसारखी बारीक मासळी असते. बायका ती वाळूतच पसरायच्या. श्रेयानं त्यांना जाळीचे मांडव घालायला लावले, पाकिटं करून म्वांझा शहरातल्या दुकानांत ठेवायला शिकवलं. हुशार पोरगी आहे. बजाजनगरची. वडील गोकुळराव वाळूजला कारखान्यात आहेत. किसेंग्यात ती मामा नीमा नावाच्या बाईंच्या घरी राहते.

तर सोमवारी दुपारपासून श्रेयाचा फोन बंद आहे. मामा नीमा सांगते, छोटी बॅग घेऊन बाहेर पडली ती परत आली नाही. आपला दुसरा विद्यार्थी सत्यम तिथून चाळीस किलोमीटरवर असतो. तो काल जाऊन आला, त्यालाही काही कळलं नाही. आज तिसरा दिवस.

घाबरण्यासारखं काही नसावं. मुलं फिरायला जातात, चार्जर विसरतात. मामा रहेमांना त्या भागात सगळे ओळखतात, म्हणून नंबर मागतोय इतकंच.

घराचं तुम्ही विचारालच, म्हणून आधीच सांगतो. नोव्हेंबरात मी स्वतः तिकडे जाऊन आलो. फॉर्म भरलेला आहे, सगळे रकाने.

आपला,
अतुल शेजूळ


१३ फेब्रुवारी

विषय : वरीलप्रमाणेच. तातडीचे.

मॅडम,

तुमचं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, ते तासाभरात आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'रहेमा गाव सोडून गेली, नंबर बंद. उद्या पहिल्या विमानानं म्वांझाला निघते. मुलीचं शेवटचं बोलणं कुणाशी झालं? शब्दन् शब्द लिहा.'

शेवटचं बोलणं माझ्याशी झालं.

सोमवारी दुपारी तीन वाजता. तिथं तेव्हा साडेबारा. मी केबिनमध्ये एका भाषणाचा मसुदा तपासत होतो. तिचा आवाज दबलेला होता. म्हणाली, सर, मामा नीमाचा दीर आलाय, जुमा. महिनाभर दुसऱ्या बेटावर मासेमारीला होता, गुरुवारी परत आला. शुक्रवारी पहाटे चारला मला जाग आली तर माझ्या खोलीत माणूस. मागच्या दारानं आत आला, माझ्या खाटेपाशी थांबला आणि मग पुढच्या खोलीत गेला. शनिवारी तसंच, रविवारी तसंच, आज पहाटे पुन्हा तेच. मी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहते. मामा नीमाला विचारलं तर ती हसून काहीतरी सांगते, मला ते नीट कळत नाही.

मग तिनं विचारलं, "सर, तुम्ही राहिला होतात तेव्हा मागच्या दाराला आतून कडी होती का?"

मी म्हणालो, नीट बघ, असेल. मग फोन बंद झाला. एवढंच.

आज गोकुळराव आले होते. पहिली पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसनं थेट कॉलेजात. हातात डब्याची पिशवी. खुर्चीच्या कडेवर बसले. मी म्हटलं, नीट बसा. ते नीट बसले नाहीत.

"सर, म्या भांडायला आलो नाय," ते म्हणाले. "तिची माय म्हन्ली व्हती, परक्या मुलखात लेकरू कसं ठिवायचं. म्या म्हन्लं, अगं, सर सोता त्या घरात झोपून आलेत. म्हून तर धाडली." त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद काढला. आपला फॉर्म. पालकांना त्याची झेरॉक्स द्यायची हे तुम्हीच ठरवलं होतं. 'विद्यार्थी जिथे राहणार त्या घरात मी एक रात्र मुक्काम केला आहे.' पुढं 'होय'वर बरोबरची खूण आणि खाली माझी सही, नेहमीसारखी लांब शेपटीची.

"तसलं काय नसंल ना तिथं? तुम्ही बघितलंय म्हून इचारतो."

मी म्हटलं, घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. त्यांनी माझ्यासमोर सगळा चहा प्यायला. माझा कप तसाच राहिला.

ते गेल्यापासून प्रत्येक फोन पहिल्याच घंटेला उचलतो. कुणाचाही असो.

अ. शे.

ता. क. शब्दन् शब्द म्हणालात. 'नीट बघ, असेल' असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "होती की!" ती म्हणाली, "मग कुणीतरी काढली, सर." आणि तिनं फोन ठेवला.


१४ फेब्रुवारी

मॅडम,

आज विषय लिहीत नाही.

दुपारी तुमचा निरोप आला : 'मागच्या दारापाशी उभी आहे. चौकटीला नाही, फळीला नाही, कुठंच स्क्रूचं एक भोक नाही. इथं कडी कधी नव्हतीच. सर, आप यहाँ सोये थे?'

नाही.

मी तिथं झोपलो नाही. नोव्हेंबरात म्वांझापर्यंत गेलो होतो, ते खरं आहे. तिथल्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. किसेंग्याचा रस्ता तीन तासांचा, खचलेला, आणि माझा उजवा गुडघा आता जीपमध्ये दुमडत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी एका समितीला व्हिडिओवर मुलाखत द्यायची होती, आणि नेट फक्त हॉटेलात बरं होतं. म्हणून ड्रायव्हरच्या हातात फोन दिला आणि घराचं चित्रण करून आण म्हटलं. त्यानं ते दुपारी केलं. स्वच्छ अंगण, खाट, मच्छरदाणी. मागचं दार सताड उघडं होतं आणि दारातून तळं दिसत होतं. इतकं सुंदर दिसत होतं की ते चित्र मी यंदाच्या माहितीपत्रकावर छापलं. उघड्या दाराला कडी आहे की नाही ते चित्रात दिसत नाही. मला बघायचंही सुचलं नाही. विमानतळावर बसून फॉर्म भरला.

आता ती समिती कसली तेही सांगून टाकतो. लिस्बनला २२ तारखेला शिक्षणातल्या आंतरराष्ट्रीय सेवेचा सन्मान आहे, तो यंदा मला मिळतोय. जूनमध्ये निवृत्त होतोय, त्याआधी. आणि सन्मान कशासाठी, तर 'एक रात्र मुक्काम' या नियमासाठी. त्यांच्या पत्रात लिहिलंय की जगात इतक्या साध्या आणि इतक्या माणुसकीच्या पद्धतीनं मुलं परदेशी पाठवणारा व्यवस्थापन शिक्षणातला दुसरा प्राध्यापक त्यांना सापडला नाही. भाषणात तुमचं नाव एकदा आहे, 'माजी सहकारी' म्हणून.

नियम तुमचा होता. २००४ मध्ये आपण पहिली चार मुलं पाठवत होतो. मी तक्ते करत बसलो होतो, शिकायची उद्दिष्टं, गुणांची विभागणी. तुम्ही म्हणालात, "बच्ची जिस खाट पे सोने वाली है ना सर, पैले उस पे हम सोयेंगे." मी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? तुम्ही सांगितलं, तुमच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरताना अब्बा काहीतरी निमित्त काढून त्या घरी एक रात्र राहून आले होते. "दिन में तो सबीच घर अच्छे रहते." रात्री कोण कुठून येतं-जातं, कोण कुणावर ओरडतं, न्हाणीघर किती लांब आहे, दार लागतं का. मग पंधरा वर्षं आपण तसंच केलं. केनियात ढेकणांनी फोडून काढलं तरी केलं.

आणि २०१९ ला मी बाराची चाळीस मुलं करायची म्हणालो. तुम्ही विचारलंत, मुक्कामाला चाळीस रात्री कुठून आणणार? तेव्हा प्राचार्यांसमोर मी म्हटलं, मॅडमचा आग्रह भावनिक आहे. तुम्ही त्याच आठवड्यात राजीनामा दिलात. मी वर्गात अजून सांगतो, जो माल तुम्ही स्वतः वापरणार नाही तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका. पोरं लिहून घेतात.

केबिनमधल्या नकाशावर चौदा देशांत टाचण्या आहेत. त्या तळ्यावरच्या टाचणीकडे मला बघवत नाही. सारखं एकच डोक्यात येतं. ती आधी नुसती घाबरली होती. मी तिला सांगितलं की ज्या माणसाला तू घाबरतेस त्यानं कडी उचकटून काढली. दुसरा काय अर्थ होतो? दार तिच्यासमोर होतं, भोकं नाहीत हे तिलाही दिसलं असतं. पण दाराकडे कोण बघतो, सरांनी सांगितल्यावर? मी तिला त्या घरातून हाकललं, मॅडम, एकटीला, परक्या मुलखात, भाषा येत नसताना. आज पाचवा दिवस आहे.

तिला शोधा. माझं काय करायचं ते नंतर बघा.

अतुल


१६ फेब्रुवारी

विषय : आभार

मॅडम,

सकाळी तुमचा आवाज ऐकला, सहा वर्षांनी. रविवार असूनही कॉलेजात येऊन बसलो होतो; 'मिली' एवढंच म्हणालात आणि मी केबिनचं दार लावून रडलो. शिपाई फकिरा बाहेरून विचारत होता, सर, बरं वाटंना का?

बेटावर! मामा रहेमाकडे! तुम्ही सांगितलेलं पुन्हा लिहितो, कारण मला ते पुन्हापुन्हा ऐकावंसं वाटतंय. सोमवारी श्रेयानं बॅग उचलली आणि धक्क्यावर जाऊन भेटेल त्या बाईला 'मामा रहेमा, मामा रहेमा' एवढंच विचारत राहिली. कुणीतरी तिला बोटीत बसवून बेटावर पोचवलं. जुमाला माग लागू नये म्हणून फोन बंद ठेवला, आणि कुणाचाच नंबर तिला पाठ नव्हता. हे नाव तिला कुठून मिळालं, तर तुमच्या जुन्या पुस्तिकेतून. मी ती पुस्तिका बंद केली होती. पोरं तिच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स गुपचूप एकमेकांना देतात, हे मला आज कळलं. 'अडचण आली तर आधी घरातल्या मोठ्या बाईकडे जा. ती परकी वाटली तर मामा रहेमाकडे जा.' तुमच्या अक्षरात.

गोकुळराव दुपारी आले. गुलमंडीवरून पेढे घेऊन. बळंच माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाले, "तुमच्यामुळं लेकरू सापडलं, सर." मी पेढा खाल्ला.

आता दुसरं. तुम्ही म्हणालात की मामा रहेमाचा मुलगा काल श्रेयाला चौकीत घेऊन गेला आणि तिनं लिहून दिलं : माझे प्राध्यापक नोव्हेंबरात या घरात राहिले होते, तेव्हा कडी होती, या माणसानं ती काढली आणि तो रोज पहाटे माझ्या खोलीत येतो. म्हणून कालपासून जुमा आत आहे. तुम्ही पोलिसांना भोकांचं सांगितलंत तर ते म्हणाले, मुलीचे सर स्वतः राहून गेलेत, त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक का?

आणि मामा नीमाचं म्हणणं असं की ती वाटच तिथून आहे. रात्री मासेमारी करून आलेला माणूस तळ्याच्या बाजूनं, मागच्या दारानं येतो आणि पुढच्या खोलीत जाऊन झोपतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. एक रात्र कुणी राहिलं असतं तर पोरीला दुसरी खोली दिली असती.

मला एक सुचतं. मुलगी सुखरूप आहे. तुम्हाला तिथली भाषा येते, तुमचा तिथं शब्द आहे. तुम्ही साहेबांना नीट समजावलंत, पुन्हा दार दाखवलंत, तर जुमाला सोडतील. माझं नाव मधे न येता होत असेल तर पाहावं. गुरुवारी लिस्बनला निघायचं आहे. इतक्या वर्षांचं काम आहे, अडीचशेवर मुलं, त्या सगळ्यांवर डाग पडेल.

श्रेया अजून झोपत नाही, दाराला टेबल लावून बसते, असं तुम्ही फोन ठेवता ठेवता म्हणालात. होईल हळूहळू ठीक.

आपला,
अतुल


१८ फेब्रुवारी

वहिदा मॅडम,

दोन दिवस तुमचं उत्तर नाही. परवाचं पत्र मी आज पुन्हा वाचलं. 'होईल हळूहळू ठीक' हे वाचून मला स्वतःची शिसारी आली. न घडलेल्या गोष्टीची भीती ती पोर जन्मभर बाळगणार होती, आणि ती काढून टाकायचं औषध फक्त माझ्या खिशात होतं.

भीती मला काय कमी वाटत होती? सकाळी गोकुळरावांना फोन करून बोलावलं, त्याआधी दोनदा नंबर लावून कापला. ते आले, डबा खाली ठेवला. मी तुमच्या नंबरवर फोन लावला. यावेळी तो लागला. श्रेयाला द्या म्हटलं आणि गोकुळरावांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"श्रेया, मी त्या घरात राहिलो नव्हतो. एक रात्रही नाही. कडी होती की नव्हती मला ठाऊक नव्हतं. तू विचारलंस तेव्हा फॉर्म उघडा पडेल म्हणून मी 'होती' म्हणालो. खोटं बोललो."

मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. ती म्हणाली, "मग जुमा?"

मी म्हटलं, त्यानं काही काढलं नाही.

"सर, त्यांना मी..." ती म्हणाली, आणि फोन तुमच्याकडे आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गोकुळरावांनी खिशातला तो कागद काढला, कव्हरातून बाहेर घेतला आणि टेबलावर हातानं सपाट केला.

"ही सही तुमचीच हाय ना?"

"हो."

"मंग खरी करा. जा तिथं. झोपून या."

मी म्हटलं, गोकुळराव, आता त्याचा काय उपयोग?

"म्याच गेलो असतो," ते म्हणाले. "मला पासपोर्ट नाय."

डबा उचलून गेले. पेढ्यांचा रिकामा पुडा माझ्या टेबलावरच होता, तोही घेऊन गेले.

दुपारी पोलिसांसाठी निवेदन लिहून, प्राचार्यांचा शिक्का मारून तुम्हाला पाठवलं. त्यात सगळं आहे, हॉटेल, ड्रायव्हर, विमानतळ. शिक्का मारताना प्राचार्य म्हणाले, शेजूळ, विचार केलाय ना? समितीलाही कळवलं की नियम वहिदा मॅडमचा आहे आणि मी तो मोडला आहे, तेव्हा येत नाही. त्यांचं अजून काही आलेलं नाही. जुमाला संध्याकाळी सोडल्याचा तुमचा निरोप मिळाला. चार दिवस.

तिकीट काढलं. लिस्बनचं नाही.

अतुल


२४ फेब्रुवारी
किसेंगा, संध्याकाळ

मॅडम,

तुम्ही भिंतीपलीकडे मामा नीमाच्या चुलीपाशी बसला आहात, मला तुमचं हसणं ऐकू येतंय, आणि मी इथं वहीचं पान फाडून तुम्हाला लिहितोय. तोंडावर बोलणं अजून जमत नाही. उठलो की पान तुमच्या हातात देईन.

आज दिवसभर मी लोकांना घाबरलो. रस्त्यात वाळवणापाशी बायका काम थांबवून बघत होत्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. जुमा माझ्या कल्पनेपेक्षा म्हातारा निघाला. कानशिलं पांढरी, पाय किंचित ओढत चालतो. त्यानं माझा हात हातात घेतला, हसला नाही. तुम्ही त्याचं बोलणं मला मराठीत सांगितलंत : पोरीची झोपमोड होऊ नये म्हणून मी दारातच टॉर्च विझवायचो. मग अंधारात दिसायचं नाही, म्हणून खाटेपाशी थांबायचो, डोळे सरावेपर्यंत.



येताना गुलमंडीवरून पितळी कडी आणली होती, स्क्रूसकट. मोठ्या तोऱ्यात पिशवीतून काढून मामा नीमाला दिली. तिनं उलटीपालटी करून पाहिली, तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही हसू दाबत सांगितलंत, "ती म्हणते, ही लावली तर जुमानं यायचं कुठून?" पुन्हा तेच, मॅडम. घर न बघता उपाय आणला. कडी पिशवीत परत ठेवली.

श्रेया दुपारी तुमच्याबरोबर आली. आधी जुमासमोर जाऊन बसली. मोडक्यातोडक्या भाषेत काहीतरी बोलली, रडली, त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती परत येत नाही म्हणते. मामा रहेमाकडे राहणार आणि राहिलेले मांडव पुरे करणार. मी समोर गेलो तेव्हा म्हणाली, "सर, इथलं पाणी उकळून प्या." आणि वाळवणाकडे निघून गेली. पाठमोरी होती तेव्हा मी 'चुकलो' म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

आता मी त्याच खाटेवर बसलोय. मागचं दार समोर आहे. जवळ जाऊन बोटानं चौकट चाचपून पाहिली. गुळगुळीत आहे. माणसं येऊन-जाऊन झिजलेली.

मला भीती वाटतेय. चार दिवस ज्याला माझ्यामुळं चौकीत बसवलं तो माणूस पहाटे अंधारात या खाटेपाशी येऊन थांबणार आहे. वीस वर्षांच्या पोरीनं अशा चार पहाटा काढल्या. मी अठ्ठावन्न वर्षांचा, त्याचं सगळं मला समजावून सांगितलेलं, तो निर्दोष आहे हे ठाऊक असलेला, आणि सूर्य मावळायच्या आत दोनदा खाट दारापासून लांब ओढून पुन्हा जागेवर आणली.

आत्ताच गोकुळरावांचा व्हिडिओ फोन येऊन गेला. रात्रपाळीला निघाले होते, कंपनीच्या बसच्या थांब्यावर उभे होते. 'सर' म्हणाले नाहीत.

"दार दाखवा."

मी फोन दाराकडे वळवला.

"खाट दाखवा."

दाखवली.

"आता तिच्यावर बसा."

बसलो. ते म्हणाले, "तिथं चार वाजत्यात तवा हितं साडेसहा व्हत्यात. पाळी सुटायच्या आधी म्या फोन लावतो. उचला."

मी म्हटलं, गोकुळराव, इथं रेंज तळ्याच्या बाजूनं येते. दार लावलं की फोन लागत नाही.

मागं बस आल्याचा आवाज झाला. चढता चढता ते म्हणाले, "मंग दार उघडं ठिवा."

दार उघडं ठेवलंय. नवा फॉर्म उशाशी आहे, मुक्कामाचा रकाना कोरा आहे.

अतुल